तीनशिंग्यांची भिंत

४ फेब्रुवारी
दादाने माझं पिल्लू खरवडून टाकलं! नऊ दिवसांचं काम. संग्रहालयाच्या भिंतीवर आम्ही दोघं ट्रायसेराटॉप्सचा, तीन शिंगांच्या डायनासोरांचा, कळप रंगवतोय — मोठी जनावरं त्याची, झाडं आणि पिल्लं माझी. सकाळी बघते तर नेच्यांत चरणाऱ्या पिल्लाच्या जागी उघडी भिंत. दादा शांतपणे चहा पितोय.
"चरतायत काय नुसती? गाई आहेत का त्या? इथे झुंज हवी."
संचालकबाईंनी शांत कळप मागितला होता. मी त्याचे ब्रश धुवायला बसले. नेहमीसारखी.

७ फेब्रुवारी
दोन नर. एकाचं शिंग दुसऱ्याच्या मानेवरच्या हाडाच्या झालरीतून आरपार. चिखल उडतोय, झाडं मुळांसकट उपटलीयत. खरं लिहायचं तर — अफाट काढलंय. असा हात माझा नाही.
रक्ताचा रंग मी कालवत होते. "अजून काळपट." तीनदा. चौथ्यांदा लोखंडी डबाच तोंडावर फेकला. कपाळ फुटलं. पुसताना रंग कुठला आणि रक्त कुठलं, कळेना.
बाईंना सांगितलं, परांचीचा बांबू लागला.

८ फेब्रुवारी
चार टाके. काम चालू.

१२ फेब्रुवारी
जसं झालं तसं लिहिते.
दादा जेवायला गेला होता. मी परांचीवर चढून पिल्लू पुन्हा काढलं, एका मादीच्या पोटाआड. तो कधी वर आला कळलंच नाही. केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. ओल्या रंगावर. "माझ्या भिंतीवर? माझ्या?" पुन्हा आपटलं. टाके उसवले.
मी वळले आणि दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का दिला. सुटायला नाही — पाडायला. बारा फूट. खाली फरशी.
तो कण्हत होता. मी वरून बघत राहिले. उतरायची घाई केली नाही.

१३ फेब्रुवारी
मांडी मोडली, तीन बरगड्या, जबडा. बोलता येत नाही. हवालदाराने दवाखान्यात विचारलं तेव्हा वहिनीने कागद पुढे केला. दादाने लिहून दिलेला — 'पाय घसरला.'
मला वाचवलं त्याने! मी बाहेर जाऊन ढसाढसा रडले. लहानपणी सायकलवर डबलसीट फिरवायचा तो दादा आठवला. केवढी नीच आहे मी.

१५ फेब्रुवारी
राहवेना. वहिनीला सांगून टाकलं — मी ढकललं.
"माहितेय. आधी त्याने तुझंच नाव लिहिलं होतं. तो कागद मी फाडला. म्हटलं, हे हवालदाराला दिलंस तर माझी लग्नाची अकरा वर्षं मीही लिहून देईन. मग लिहिलं दुसरं."
जन्मात दादाला 'अहो'शिवाय हाक न मारलेली वहिनी. औषधाची चिठ्ठी घडी करत म्हणाली, "जरा जोरात ढकलायचंस गं."