अख्खे तांदूळ

आई, गाडी चालू झाली. परवा तिच्यातून कळवणला जाऊन आलो, मामाकडे. मामाला एक गोष्ट सांगायची होती, म्हणूनच गेलो होतो. ती आधी तुला सांगायला हवी होती, पण चौदा वर्षं मी ती टाळत आलोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, आडून आडून बोलू नको, काय केलंस ते सांग. सांगतो. पण मला जरा मागून यावं लागेल, माझी सवय तुला ठाऊक आहे.

ती गाडी घरी आली तो दिवस तुला आठवत असेल. इगतपुरीच्या एका बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती कितीतरी पावसाळे उभी होती, आणि तिथला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. टेम्पोतून उतरवली तेव्हा आत बसलं की पायाखाली आपल्या अंगणातली फरशी दिसत होती. दोन दारं, दोन सीटा, लांबलचक नाक, आणि रंग एकेकाळी लाल असावा. तू शिलाई मशीनवरून उठून, कुणाच्या तरी ब्लाउजची बाही हातात तशीच धरून बाहेर आलीस आणि गाडीला एक फेरी मारलीस. "एवढी लांब, आणि बसणार दोघंच? मुलगी बघायला ह्याच्यातून जाणार का? मग मी काय टपावर बसू?" माझं लग्नाचं वय उलटून चाललं होतं आणि तुला दुसरा विषय नव्हता. मी म्हणालो, घरात आपण आहोतच दोघं. पहिली फेरी तुझी, तुला कळवणला माहेरी नेतो. तू म्हणालीस, "बघू. आधी तिला तळ तर लाव."

तळ लावायलाच वर्ष गेलं. अंबडला कंपनीतून सुटलो की मी थेट गाडीखाली. तू चहा आणून बोनेटवर ठेवायचीस आणि माझ्या बाहेर आलेल्या पायांशी बोलायचीस. तुझ्या परातीत मी कार्ब्युरेटर रॉकेलनं धुतला, त्या दिवशी मात्र तू खरी चिडलीस. "ही परात माझ्या लग्नातली हाय. तुझ्या बापानंसुद्धा हिला कधी हात लावला नाय." दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर ओट्यावर तुझा जुना मसाल्याचा डबा घासून पुसून ठेवलेला, आतल्या सातही वाट्या रिकाम्या. "नटबोल्ट ह्याच्यात ठेव. सगळ्या घरभर सांडून ठेवतोस, परवा एक पोह्यात निघाला." त्या डब्यात ठेवलेल्या बोल्टांना पुढे कितीतरी दिवस हिंगाचा वास येत होता. अजून तोच डबा वापरतो मी.

आणि सीटा. दोन्ही सीटा तू शिवल्यास. तपकिरी रेक्झिन, त्याला जाड सुई, आणि मशीन कुरकुरायला लागलं की त्यालाच दटावणं. "ब्लाउजापेक्षा सोपं हाय, हिला फिटिंगची तक्रार नाय." डाव्या सीटचं माप तू स्वतः बसून घेतलंस, दोनदा. का, ते मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

मग माझ्या डोक्यात टर्बोचं खूळ शिरलं. जुनं इंजिन नीट चालत होतं, तेवढ्यावर थांबायला हवं होतं. भंगारात निघालेल्या एका डिझेल गाडीचा टर्बो मी आणला आणि तो ओट्यावर ठेवून तुला समजावलं: इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याच्यावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावर दुसरा पंखा, आणि तो दुसरा इंजिनाच्या तोंडात जास्तीची हवा कोंबतो. तू भाकरी थापता थापता ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हणजे जावयाला आग्रह करतात तसं. जास्त वाढलं की पोट बिघडतं बाबा." मला तुझं हसूच आलं. तुला काय कळतंय, असंही मनात आलं, ते आता लपवत नाही.

दसऱ्याला पहिल्यांदा टर्बो लावून इंजिन सुरू करायचं ठरवलं होतं. कंपनीतले दोघं मित्र दुपारी बघायला येणार होते. सकाळी तू नेहमीसारखी सगळ्या हत्यारांची पूजा केलीस. शिलाई मशीनला झेंडूचा हार, कात्रीला कुंकू, विळीला, कोयत्याला, माझ्या पान्यांना. मग ताट घेऊन गाडीकडे आलीस. मी अंघोळीला गेलो होतो. घरात नवीन आलेली वस्तू टर्बोच, म्हणून तू त्यालाच कुंकू लावलंस आणि वर चिमूटभर अक्षता टाकल्यास. हवेचा फिल्टर यायचा होता, त्यामुळे त्याचं तोंड उघडं होतं. त्याला फडकं बांधून ठेवायचं काम माझं होतं. ते मी केलं नव्हतं.

दुपारी इंजिन सुरू केलं. दोन-चार मिनिटं छान चाललं, मग पुढून लोखंडावर करवत घासल्यासारखा आवाज आला आणि निळा धूर. बंद केलं. नळी काढून आत बोट घातलं तर पंख्याची पाती कडेला घासून झिजलेली, दांडा जागच्या जागी घट्ट अडकून बसलेला, आणि तोंडाशी तेलाच्या ओशटात चिकटलेले चार तांदूळ, कुंकवासकट. तू दारात उभी होतीस, हातात मित्रांसाठी चहाचा ट्रे. काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "तुला कुणी सांगितलं होतं ह्याच्यात नाक खुपसायला? दोन वर्षांची मेहनत मातीत घातलीस. आजपासून गाडीला हात लावायचा नाही." मित्र खाली बघत होते. तू ट्रे पायरीवर ठेवलास आणि म्हणालीस, "चुकलं बाबा. मला कळलं नाय."

ते चार दाणे मी कागदावर ठेवून पंचनाम्यासारखे सगळ्यांना दाखवले. मित्रांना, शेजाऱ्यांना, कंपनीत नेऊनसुद्धा. आई, ते तांदूळ अख्खे होते. मी टूलरूममध्ये काम करणारा माणूस, झिजलेला भाग बघून चूक कुठे झाली ते सांगायचं हे माझं रोजचं काम. त्या पात्यांमधून गेलेला तांदूळ अख्खा राहील का? पीठ झालं असतं त्याचं. ते दाणे तोंडाशीच चिकटून राहिले होते, आत गेलेच नव्हते. शेंबड्या पोराला कळलं असतं. मला ते बघायचंच नव्हतं, कारण चूक तुझी निघाली होती आणि ते सोयीचं होतं.

तू मात्र शेजारीपाजारी स्वतःच सांगत सुटलीस, माझ्या हातून पोराची गाडी बिघडली म्हणून. बोनेटवरचा चहा बंद झाला, तू स्वयंपाकघरातून हाक मारायला लागलीस. पुढच्या दसऱ्याला ताट घेऊन तू अंगणाच्या पायरीवर थांबलीस आणि मला विचारलंस, "पान्यांना लावू का कुंकू? लांबूनच लावते." मी म्हणालो, लाव. एवढंच म्हणालो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी तो टर्बो पुन्हा काढला. दुसरा मिळाला होता, तो बसवायचा होता. टर्बोच्या दांड्याला तेल पुरवणारी एक बारीक नळी असते, तेल नसेल तर तो दांडा मिनिटभरातच जळतो. ती नळी मी सहज फुंकून बघितली तर हवा जाईना. तार घातली, तर आतून लाल रबरासारखी गोळी बाहेर आली, तांदळाएवढीच. ते सिलिकॉन होतं. सांध्यातून तेल गळू नये म्हणून मीच लावलं होतं, हात सैल सोडून, आणि जास्तीचं आत जाऊन भोक बंद झालं होतं. टर्बोला तेलाचा थेंब मिळाला नव्हता. तुझ्या तांदळाचा काही संबंधच नव्हता.

आत तुझं मशीन चालू होतं. मध्येच थांबायचं, तू दोरा दातानं तोडायचीस, परत चालू. अंगणातून तुझ्यापर्यंत आठ पावलं असतील. मी ती गोळी मसाल्याच्या डब्यातल्या एका वाटीत टाकली, झाकण लावलं आणि म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हणालो ते आठ दिवस गेले, आणि मग तुला दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथे तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडून विचारलंस, "गाडी तशीच राहिली ना रे, माझ्यामुळं?"

मी म्हणालो, "असू दे गं आई. झालं गेलं."

"मनात नाय ना ठेवलं काही?"

"नाही."

त्या दिवशी तू वाटीभर खिचडी खाल्लीस. सिस्टर मला मुद्दाम येऊन म्हणाल्या, आज जेवल्या बरं का आजी. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. चूक माझी, माफी मी दिली, आणि तू ती हात पसरून घेतलीस. घरी आलीस की सगळं नीट सांगेन असं मी ठरवलं होतं. तू घरी आली नाहीस.

गाडीवर मी ताडपत्री टाकली. पुढे लग्न झालं. तुझ्या सुनेलाही मी तांदळाचीच गोष्ट सांगितली, ती हसली, मीही हसलो. यंदा तीच म्हणाली, एक तर गाडी चालू करा नाहीतर भंगारात द्या, अंगणात मला कपडे वाळत घालायला जागा नाही. मग हात घातला. नळ्या सगळ्या नव्या, सिलिकॉन कुठेही नाही. सीटा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या, त्या बसवल्या. रेक्झिन थोडं कडक झालंय, पण एक टाका उसवलेला नाही. गाडी तयार झाली तेव्हा ही म्हणाली, पहिली फेरी कळवणची ना, तुम्ही एकटेच जाऊन या.

डब्यातली ती लाल गोळी कागदात बांधून मी खिशात घातली. दिंडोरी, वणी करत निघालो. गाडी छान चालली, आई. वणीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर जरा दाबली तर टर्बोनं अशी ओढ घेतली की मी एकटाच हसलो, आणि डावीकडे बघितलं.

मामा आता काठी घेऊन चालतो. अंगणातच उभा होता. "हीच का ती? ताईच्या तांदळाची?" म्हणाला, आणि दार उघडून तुझ्या सीटवर बसला. शिवणीवरून हात फिरवत राहिला. "हे तिचंच काम. शेवटच्या खेपेला फोनवर मला म्हणली, पोराचं लय नुकसान केलं रे मी, पण त्यानं एका शब्दानं मनात ठेवलं नाय. लय मोठ्या मनाचा निघाला. लय समाधान होतं तिला त्याचं." माझा हात खिशात होता, कागदाची पुडी बोटांत. मी म्हणालो, "हो मामा. तीच गाडी." मग मामीनं जेवायला हाक मारली आणि आम्ही आत गेलो.

पुडी तशीच परत आणली. आता ती पुन्हा डब्यात आहे. हे लिहिलेलं पत्र तुला कुठे पाठवणार. मामाला पाठवता येईल, त्याचा पत्ता आहे माझ्याकडे, पण नाही पाठवणार. त्याला काय वाटेल म्हणून नाही. मामा मला मोठ्या मनाचा म्हणाला ना, तेव्हा मला बरं वाटलं, आई.