तांदळाचं शून्य

सोम., १० फेब्रु.
कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीवरच्या शाळेत धापा टाकत पोचले. तोंडी वजाबाकी घेतली. चौथीतली जनी माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर देते. आमची शाळा चौथीपर्यंतच, पुढे मुली घरी बसतात. हिला खालापूरच्या वसतिगृहाच्या शाळेत घालायचंच. प्रवेश परीक्षा २ मार्चला.

बुध., १२
शाब्दिक उदाहरणं काढली आणि माशी शिंकली. डब्यात बारा किलो तांदूळ, रोज दोन किलो लागतात, सहा दिवसांनी किती उरतील?
जनी : "मूठभर."
फळ्यावर बारा वजा बारा लिहिलं. "शून्य," लगेच.
मग तांदूळ किती?
"मूठभर. डबा पुरा रिकामा नाय करायचा, बाई."
सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय, वेडी मीच.

शुक्र., १४
तांदूळ काढून बोरं घातली. बरोबर. गोट्या, बरोबर. परत तांदूळ : मूठभर. आकडे येतात, वाचताही छान येतं. दोन्ही एकत्र आले की ही पोरगी संसाराला लागते. चिडले, मग हसतच सुटले.

मंगळ., १८
जनीच्या आईला गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी समजवा.
"बरोबर सांगते ती. डब्याचा तळ दिसू द्यायचा नाय." घ्या! वर चहा पाजला.
जनीला म्हटलं, पेपरातलं घर खोटं असतं गं, तिथे शून्यच लिही.
"मंग खोट्या घरात तांदूल कशाला ठेवतात?"
घरी येऊन आमचा डबा उघडून पाहिला. लग्न झाल्यापासून मीही त्याचा तळ पाहिलेला नाही...

रवि., २ मार्च
परीक्षा झाली. मी आणि तिची आई फाटकाशी उभ्या. जनी हसत बाहेर आली. "बाई, तांदूल आला होता."
काय लिहिलंस?
"शून्य. तुमी सांगितलंत ना."
तिथेच कवटाळली तिला. वडापाव कबूल केला. चार पावलं गेल्यावर हळूच म्हणते, "पन त्याच्या खाली लिवलंय, मग शेजारनीकडून दोन किलो आनले."
आई म्हणाली, "बरं केलंस."
निकाल महिनाअखेर. तपासणारा शून्यावर थांबला तर मार्क पक्के. पुढचं वाचून काय करील, देव जाणे. तरी मला वाटतं, त्याने ते वाचावं.