तोंडपाठ तक्ता

मंगळवार, संध्याकाळ. बोरीवली.

वाट लावली मी स्वतःची. दिसत नसल्याचा दाखला काढायला गेले आणि तक्ता वाचून आले. वाचला कुठे म्हणा. बाहेर बाकड्यावर बसले होते, दार उघडं, आत प्रत्येक जण तीच अक्षरं म्हणत होता. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. कान आपले पाठ करत गेले. माझा नंबर आला, डॉक्टर म्हणाले, "वाचा," आणि मी धडाधड म्हणून टाकलं. मला तर तक्ताही धड दिसत नव्हता. गप्प का नाही बसले? ऑफिसात इतकी वर्षं सगळ्यांपासून लपवतेय, त्याचीच सवय?

"मॅडम, तुम्हाला दिसतंय. दाखला नाही मिळणार."

आता ऑफिसात काम बदलून कसं मागू?

तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. पण माझा नवरा, विनय, दारात उभा राहून ऐकत होता. रिक्षात हात धरून म्हणाला, "सुधारतंय गं तुझं." ई. एफ, पी. काय सांगणार त्याला?

आत्ता तो चहा टाकतोय. टीव्ही माझ्याकडे वळवून ठेवलाय, वर्षभरात पहिल्यांदा. तो आला की वही मिटेन आणि बघत बसेन.