अर्धा फ्लॅट आणि काश्परचा उजेड

मी, व्लास्ता कोत्रलोवा, वय पंचाहत्तर, पोलाद कारखान्यातील निवृत्त क्रेनचालक, राहणार ओस्त्रावा-पोरुबा, सातवा मजला, माझी अखेरची इच्छा या कागदावर उतरवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची झडप ठिकाणावर नाही आणि ती बदलण्यासाठी उद्या सकाळी मला खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेणार आहेत, कारण ईस्टरपासून आमची लिफ्ट दुरुस्तीसाठी उघडून ठेवली आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. जे आहे ते पस्तीस वर्षांपासूनचे आहे आणि त्याची मला सवय आहे.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले असते तर साक्षीदारांची गरज पडली नसती. पण जिन्यात पडून उजवे मनगट मोडले, म्हणून शेजारच्या हेडविकाबाई टाइप करत आहेत आणि मी डाव्या हाताने सही करणार आहे. अशा मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. आज आठ मे, सुट्टी, त्यात शुक्रवार. सगळी इमारत आपापल्या खेड्यातल्या घरी बटाटे लावायला गेली आहे. उरलो तिघे. पहिल्या साक्षीदार हेडविकाबाई. दुसरा प्रोकोप कोत्रला, माझा घटस्फोटित नवरा, जो दाराजवळच्या स्टुलावर बसला आहे. त्याला मी मुद्दाम बोलावले आहे. आपल्याला काय काय मिळणार नाही ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावे आणि खाली सही करावी.

हेडविकाबाईंच्या टाइपरायटरवर खोडायची सोय नाही, तेव्हा बोललेले सगळे कागदावर राहील. राहू दे.

"दोघांचं आडनाव एकच लिहू ना, व्लास्ताबाई? त्यांचं कोत्रला, म्हणून बायकोचं कोत्रलोवा?"

"एकच लिहा. ते बदलायच्या कचेरीत रांग फार होती."

कलम १. फ्लॅट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. अर्धा माझा, अर्धा प्रोकोपचा. प्रोकोप खाणीत होता, जमिनीखाली. मी क्रेनच्या काचेच्या खोलीत, छपराखाली. दोघांच्याही तीन पाळ्या. आम्ही जिन्यात भेटायचो आणि तोवर संसार बरा चालला. मग त्याच्या फुप्फुसांमुळे त्याला घरी बसवले आणि आम्ही एकमेकांना दिवसभर दिसू लागलो. वर्षाच्या आत कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी लग्न मोडून दिले, पण राहायला दुसरे घर कोण देणार? आधी घरे मिळत नव्हती, नंतर मिळायला लागली ती आम्हाला परवडणारी नव्हती. एकट्याला विकता येईना, दुसऱ्याचा हिस्सा घेता येईना. मी दोन खोल्यांमधल्या मार्गिकेत कपाट उभे केले. कपाटाच्या अलीकडे माझी खोली, उत्तरेची, अंगणाकडची. पलीकडे त्याची, पूर्वेची, बाल्कनीची. स्वयंपाकघर पाळीपाळीने. पाळ्यांची आम्हाला सवय होतीच.

या घराचा मला वीट आला होता, हे मी येथे स्पष्ट नमूद करते. कित्येक सकाळी पिशवी भरून दारापर्यंत गेले. दार उघडले की खाली सात मजले, आणि त्यांच्याखाली जायला कुठेच काही नाही.

माझा अर्धा हिस्सा मी माझी मुलगी योलाना हिला पूर्णपणे व विनाअट देत आहे. प्रोकोपला त्यातले काही नाही.

"ऐकलंस?"

"कान शाबूत आहेत माझे. फुप्फुसं गेलीत," प्रोकोप म्हणाला.

कलम २. बँकेतले जे काही असेल ते योलानाला. लोणच्याच्या बरण्या, मश्रूमची टोपली आणि क्रेनवरची माझी उशी हेडविकाबाईंना. नणंद ल्युबा हिने सासूबाईंच्या अंत्यविधीच्या दिवशी हंसाच्या पिसांची दुलई उचलून नेली, ती तिच्याकडेच राहू द्यावी. मात्र माझ्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तिला बोलावू नये. आलीच तर तिला केकशिवाय कॉफी द्यावी.

कलम ३. काश्पर. शॅमेलिऑन जातीचा, रंग बदलणारा नर सरडा, मूळचा येमेनकडचा, म्हणून नाव बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांपैकी एकाचे. चार वर्षांपूर्वी योलाना नोकरीसाठी ऑस्ट्रियात ग्राझला गेली तेव्हा त्याला आणून ठेवले. "आई, तीनच आठवडे. तिथली घरमालकीण माणसंसुद्धा नाखुशीनेच ठेवते." ते तीन आठवडे अजून चालू आहेत.

तो आला काचेच्या पेटीत. मी पेटी हीटरजवळ खालच्या फळीवर ठेवली, पाण्याची वाटी दिली, वरून वाकून गोडगोड बोलले. तो काजळीसारखा काळा झाला. अंग फुगवायचा, जबडा वासायचा आणि भिंतीकडे बघत डुलायचा. मग खाणे सोडले. रातकिडे विकणारे कालिबा म्हणून एक गृहस्थ आहेत, ते स्वतः सरडे पाळतात. त्यांना बोलावले. ते कोट न काढताच म्हणाले, "बाई, अहो, सगळंच उलटं केलंय तुम्ही. त्याला काचेत स्वतःचं रूप दिसतंय. त्याला वाटतं दुसरा नर समोर बसलाय. दिवसभर बसलाय. तो जात नाही आणि ह्याला जाता येत नाही."

"मग मारामारी होते?"

"मारामारी कसली. नुसतं समोर दिसत राहणं पुरतं. काळे पडतात, अन्न सुटतं, काही महिन्यांत जातात."

कपाटापलीकडून प्रोकोपचा आवाज आला, "काही महिन्यांत? आम्ही तर दोघं अजून जेवतोय."

गॅस आणि न्हाणीघर सोडून तो कशावर तरी बोलला, हे कित्येक वर्षांत पहिल्यांदा झाले. मला हसू आले. मला ते यायला नको होते.

तेव्हा ज्याच्याकडे काश्पर जाईल त्याने हे पाळावे. काच नको, चारही बाजूंनी जाळी, उंच पिंजरा, आणि तोही खोलीतल्या उंच कपाटावर, आपल्या डोक्यापेक्षा वर. खालून कोणी बघितले तर त्याला चालते, वरून कोणी वाकले की तो समजतो संपलो. हे मला समजावून सांगावे लागले नाही. मी सगळा जन्म वर बसून खालच्यांकडे बघितले आहे आणि वर असले की जीव कसा शांत असतो ते मला ठाऊक आहे. आत फांद्या आडव्या-तिडव्या, फायकस आणि मनीप्लांट दाट, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला लपता येईल. पाणी वाटीतले तो पीत नाही, पानावरून ओघळणारे पितो. सकाळ-संध्याकाळ फवारा मारावा आणि वरून थेंब पडत ठेवावेत. उबेचा दिवा एका कोपऱ्यावरच, त्याची जीभ किंवा पाठ भाजणार नाही इतका दूर, म्हणजे ऊब हवी तर तो जाईल आणि नको तर निघून येईल. निघून येता आले पाहिजे, हे महत्त्वाचे. रात्री सगळे बंद, पूर्ण काळोख. लाल दिवासुद्धा नको. रातकिड्यांवर कॅल्शियमची भुकटी. हातात घेऊन लाड करू नयेत, त्याला ते आवडत नाही आणि तो तसे सांगतो.

सगळ्यात मोठी गोष्ट ट्यूब. साधी नव्हे, अतिनील किरणांची. पहिल्याच हिवाळ्यात काश्परचे पाय लुळे पडू लागले, फांदी सुटायची. मी रात्र-रात्र झोपले नाही. ट्यूब तर लख्ख पेटलेली होती. एकदा माझ्या खोलीचे दार उघडे राहिले आणि प्रोकोप मार्गिकेतल्या कपाटाशी उभा राहून वर पिंजऱ्याकडे बघत म्हणाला, "ट्यूब बदल."

"पेटतेय की."

"पेटू दे. आता तिच्यात नुसता उजेड उरलाय. हाडांना लागतो तो भाग गेलाय."

"तुला रे काय कळतं त्यातलं?"

"खाणीत आम्हाला अंघोळीनंतर चष्मे लावून गोल उभं करायचे असल्याच दिव्याभोवती. हिवाळ्यात अंधारात खाली जायचो, अंधारात वर यायचो. दिवा जुना झाला की आमचे गुडघे आधी सांगायचे, डॉक्टर नंतर."

ट्यूब बदलली. काश्पर महिन्याभरात नीट चालू लागला. तेव्हापासून ट्यूब वर्षातून दोनदा बदलते. विसरू नये म्हणून प्रोकोपने दिवस ठरवले: कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस असतो, त्यातला चार जुलै, म्हणजे प्रोकोप नावाचा दिवस, आणि तेवीस डिसेंबर, व्लास्ताचा. नावाच्या दिवशी आम्ही एकमेकांना शुभेच्छा देत नाही. पण ट्यूब बदलते आणि दोघेही शिडीशी उभे असतो.

आणि उन्हाळ्यात खरे ऊन. खिडकीच्या काचेतून आलेले उपयोगाचे नाही, काच नेमके तेच अडवते. उघडी हवा हवी, सकाळचे ऊन हवे, अर्धी सावली हवी. म्हणजे पूर्वेची बाल्कनी. म्हणजे प्रोकोपच्या खोलीतून. कपाट लागल्यापासून पहिल्यांदा मी पिंजरा उचलून त्या खोलीत पाय ठेवला तेव्हा बाल्कनीच्या छताला हूक आधीच मारलेला होता. मी विचारले नव्हते.

आता काश्पर कोणाला. मागच्या आठवड्यात योलाना फोनवर म्हणाली, "आई, तुझं काही झालंच तर फ्लॅट विकायचा. बाबांना एखाद्या वृद्धाश्रमात जागा बघते. आणि सरड्याचं काय, नेईल कोणीतरी." ती वाईट नाही, तिला घाई आहे. कालिबांकडे पिंजरे भिंतीला भिंत लावून आहेत. हेडविकाबाईंच्या घरात ऊन येत नाही आणि रातकिडे बघून त्या खुर्चीवर चढतात. मी पुष्कळ शोधले. त्याचा दिवस कसा जातो हे जाणणारा माझ्याशिवाय एकच माणूस आहे. काश्पर, पिंजरा, दिवे, टायमर व फवारा मी प्रोकोप कोत्रला याला देत आहे.

प्रोकोपने मान वर केली. हेडविकाबाईंनी टाइप करणे थांबवले.

"व्लास्ताबाई, पण मग कलम एक?"

"त्याचं काय?"

"योलाना हिस्सा मागणार, फ्लॅट विकला जाणार. ह्यांना आश्रमात. तिथे सरडा ठेवून घेतील होय?"

सरड्याला ऊन हवे, उन्हाला बाल्कनी हवी, आणि बाल्कनीला हा माणूस चिकटलेला आहे. कुठूनही निघाले तरी त्याच्याच दारात पोचते. पस्तीस वर्षे माझ्याकडे एकच हत्यार होते, माझा अर्धा हिस्सा, आणि ते मी आता माझ्या डाव्या हाताने खाली ठेवते आहे.

कलम ४. कलम १ मधील 'विनाअट' हा शब्द रद्द. अर्धा हिस्सा योलानालाच. परंतु प्रोकोप हयात असेपर्यंत तिने वाटणी मागू नये, फ्लॅट विकू नये व त्याला बाहेर काढू नये.

"मला तुझी मेहेरबानी नको," प्रोकोप म्हणाला.

"तुझ्यासाठी नाहीच आहे ती. काश्परसाठी आहे."

"मग चालेल."

तेव्हा हेडविकाबाईंनी चष्मा काढला. त्या शाळेच्या कचेरीत होत्या, त्यांना नियम पाठ असतात. "मग ह्यांची सही चालणार नाही. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. दिली तर त्याचं कलम गेलं. माझ्या बरण्या-टोपलीवर मी पाणी सोडलं."

"जाऊ दे माझं कलम," प्रोकोप म्हणाला. "कुठे सही करू?"

"आणि काश्पर?"

तो वर पिंजऱ्याकडे बघत राहिला. काश्पर एक डोळा त्याच्यावर आणि एक माझ्यावर ठेवून होता. प्रोकोपने टोपी घातली आणि काठी घेतली.

"कुठे निघालास?"

"खाली. एखादा माणूस मिळतो का बघतो."

लिफ्ट बंद झाल्यापासून तो एकदाही खाली उतरलेला नव्हता. हे कलम नव्हे, पण हेडविकाबाई लिहीत आहेत तर लिहोत. प्रत्येक मजल्यावर तो थांबून खोकत होता आणि आम्ही ऐकत होतो. पाचवा, चौथा, तिसरा. मग खोकला ऐकू येईनासा झाला. या घरातून आम्हा दोघांपैकी कोणी तरी एक दिवस असे खाली उतरावे आणि परत येऊ नये, असे मी किती वर्षे मनात धरले होते. आज तो उतरला आणि मला भीती वाटली. हेडविकाबाईंनी माझा हात धरला, प्लास्टरचा, त्यामुळे मला काही कळले नाही.

तो परत आला तेव्हा ओठ निळे होते. मागे ट्रामचा एक चालक होता, खालच्या शेवटच्या थांब्यावर पाळी संपवून घरी निघालेला. "आजोबांनी बाही सोडलीच नाही माझी," तो म्हणाला. "बाई, सही करतो, पण आधी पाणी द्या. आणि तो वरचा हिरवा, जिवंत आहे का?"

"जिवंत आहे," प्रोकोप म्हणाला. "वाकून बघू नको."

मी दोघा साक्षीदारांसमोर जाहीर केले की ही माझीच इच्छा आहे. हेडविकाबाई म्हणाल्या, "आणि ते मार्गिकेतलं कपाट? काढायचं लिहू ना? आता काय उपयोग त्याचा?"

कलम ५. कपाट हलवू नये. माझ्या मागे ते जिथे आहे तिथेच राहावे. पलीकडे मी नाही, हे त्याला दिवसभर दिसत राहू नये.

स्थळ: ओस्त्रावा-पोरुबा. दिनांक: ८ मे २०२६, काश्परचे दिवे चालू असताना.

सही (डाव्या हाताने): व्लास्ता कोत्रलोवा

साक्षीदार: हेडविका श्पाचकोवा, शेजारीण
साक्षीदार: वीत ओझाना, ट्रामचालक

हजर, सही न करता: प्रोकोप कोत्रला