फितूर व्हायला माणूस हवा

श्री. भगीरथराव यांस (शाळेत नुसते भग्या, पण बायकोचे भाऊ झाल्यापासून मला बहुवचन लागतं),

सप्रेम नमस्कार. गुडघे काय म्हणतात? आमचे दोन्ही बोलतात, पण एकमेकांशीच.

परवापासून कानात एकच आवाज आहे. आपल्या म्हसा गावच्या शाळेत मास्तर गडाची कविता म्हणता म्हणता थांबायचे आणि विचारायचे, दरवाजा कुणी उघडला? आपण पाट्या बडवून ओरडायचो, "फि-तु-रा-नं!" पत्र्यावरचे कावळे उडायचे. पुढे मी मास्तर झालो, माझी पोरंही तशीच ओरडली. शिवी म्हणून मला तेवढा एकच शब्द येतो.

तर आपली नात संजीवनी शहापूरला वकिली शिकते. हल्ली नुसते पुस्तकी वकील चालत नाहीत म्हणून वर्गातच फौजदारी कोर्ट भरवतात. टेबलावर चादर टाकली की न्यायाधीश तयार. खोटा गुन्हा खऱ्याहून गंभीर चेहऱ्यानं चालवायचा. (आमच्या गॅदरिंगला निदान टाळ्या तरी पडायच्या.) खटला म्हशाच्या जत्रेतल्या बोकडचोरीचा. आरोपी आपला शेजारी धाकलू, कारण प्राध्यापकांना त्याच्या मिशा 'केसला पूरक' वाटल्या. संजीवनी सरकारी वकील, साक्षीदार मी. धाकलूला बोकड नेताना पाहिलं, असा जबाब मी पोलिसांना दिलेला आहे असं धरायचं. कोर्टात मात्र मी काही पाहिलंच नाही म्हणून उलटायचं. मग संजीवनीनं मला प्रश्नांनी घेरायचं, आणि गुण त्या घेरण्याचेच. पोर आठवडाभर आरशासमोर मला घेरत होती. ज्या वकीलबाईंच्या हाताखाली तिला काम शिकायचंय, त्याच परीक्षक!

सगळं सुरळीत होतं. मी पिंजऱ्यात (म्हणजे दोन बाकांच्या फटीत) उभा. तेवढ्यात प्राध्यापकांनी माझी ओळख करून दिली, "हे गुरुजी आपले फितूर साक्षीदार."

भगीरथराव, फितूर! मी! डोळ्यांपुढे गडाचा दरवाजा करकरत उघडायला लागला. मी छाती काढून सांगितलं, जबाबावर ठाम आहे. धाकलूनंच नेला. तांबडा बोकड, एका कानाला भोक, आणि नेताना धाकलू वळून हसलासुद्धा. (वर्णनाचा मला पहिल्यापासून नाद. डोळ्यांपुढे शेजारच्या अंबूबाईचा बोकड धरला, तोच तो, आमची जास्वंद खाणारा.) संजीवनी प्रश्न विचारायला उभी राहिली ती उभीच. घेरणार कोणाला?

"आजोबा, फितूर व्हा ना," ती कुजबुजली.

"प्राण गेला तरी नाही!"

"गुरुजी, मी कदी नेला वो?" धाकलू रडकुंडीला. "घरी कलला तर बायको भाकर नाय घालायची!"

प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. उलटणाऱ्या साक्षीदाराला कसं हाताळायचं याचा त्यांच्याकडे अख्खा धडा आहे. न उलटणारा अभ्यासक्रमातच नाही, कारण म्हणे प्रत्यक्षात तो भेटत नाही. पोरगी नापास झाली. आता घरात ती माझ्याशी बोलत नाही आणि तुमच्या भगिनी हिराबाई चहाची बशी आपटून बोलतात.

बाकी क्षेम. दोन दिवस जास्वंदही सुखरूप आहे, का कोण जाणे.

आपला,
(अजूनही अफितूर) मेहुणा

ता.क. गुरुवारी फेरपरीक्षा आहे. साक्षीदार म्हणून तुम्ही यावं, ही खरी विनंती. माझ्या लग्नात घोडा आणतो म्हणालात आणि मांडवात "घोडा? कसला घोडा?" असं ज्या निष्पाप चेहऱ्यानं विचारलंत, तो चेहरा पोरीच्या उपयोगी पडू द्या. तुम्हाला तालीम लागणार नाही.

ता.क. दुसरा. दार वाजलं. संजीवनीनं उघडलं तर अंबूबाई, आणि मागे खरा हवालदार. तिचा बोकड दोन दिवस बेपत्ता आहे. "गुरुजी, भरल्या कोर्टात तुमीच बोललाव ना, धाकलूला नेताना बगितला? मंग सांगा आता सायबाला!" हवालदारानं कागद काढलाय. संजीवनी खुर्ची ओढून माझ्या समोर बसली आहे, परवापासून पहिल्यांदाच हसते आहे. गुरुवारी येऊ नका. हवालदाराचा चहा संपायच्या आत मला फितूर व्हायचंय.