क्रोधाला ग्रीकमध्ये काय म्हणतात

१२ ऑगस्ट १९५६, रविवार. सकाळ.
आजपासून ग्रीक. काल वाचनालयाच्या बैठकीत हेडमास्तर हसले. संस्कृतच्या मास्तरानं सत्तेचाळिसाव्या वर्षी ही भानगड कशाला करावी, म्हणाले. आता तर शिकणारच. ग्रीकांचं ते प्राचीन युद्धकाव्य मुळातून वाचणार आणि दिवाळीनंतर त्याच वाचनालयात व्याख्यान ठोकणार. सेक्रेटरी कमळाकरपंत ‘बघू’ म्हणाले. म्हणजे ठरलंच.
रोज वीस शब्द.
बायकोची, मालूची तक्रार: डाव्या डोळ्यापुढं धूसर दिसतं, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवू या. नेईन म्हटलं. व्याख्यान झालं की लगेच.

१९ ऑगस्ट
आठवड्यात शब्द सहा. पण अवघड सहा. काव्य सुरूच होतं क्रोधापासून. क्रोध म्हणजे ‘म्न्व्हिस’. जीभ वळत नाही. ग्रीक लोक राकट असणार.

९ सप्टेंबर
इंग्रजी व्ही-सारखं दिसतं ते अक्षर ‘न’ निघालं. एन-सारखं दिसतं ते ‘ए’. म्हणजे शब्द ‘मेनिस’. झालेले सगळे पुन्हा घोकणं आलं. चूक छापणाऱ्याची. अक्षरांचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी कोण देतं?
भातात खडे. मालूला म्हटलं, तांदूळ निवडताना लक्ष दे. विद्येला विरोध घरातूनच होतो.

२३ सप्टेंबर
रागाला यांच्याकडे शब्दच शब्द. ‘खोलोस’, पित्त खवळतं तो. ‘कोतोस’, मनात धरून ठेवलेला. मोठमोठ्यानं पाठ करतो.
मालू दारावर आपटली. दार रोज तिथंच असतं. मुद्दाम करते. हा कोतोस.

१४ ऑक्टोबर
उरणहून मासळी घेऊन येणारी जनी आज दारात उभी राहून माझ्याशीच भांडली.
“मास्तर, बाई टोपलीत हात घालून चाचपते. तिला दिसत नाय. तुमाला तरी दिसतं का?”
अभ्यास चालू आहे म्हटलं आणि दार लावून घेतलं. नंतर दिवसभर एक शब्द डोक्यात शिरला नाही. जनीमुळं.

२२ ऑक्टोबर
रजा काढली. मोरा बंदरातून लाँचनं मुंबई. मी आपणहून निघालो, जनीचा संबंध नाही. लाटा बघून ‘पोलुफ्लोइस्बोयो’ म्हटलं. गर्जणाऱ्या समुद्राचं विशेषण. दुसऱ्यांदा म्हणताना उलटी झाली. मालूनं डोकं धरलं.
डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डावा गेला. उजवा औषधानं राखता येईल. त्रास कधीपासून, म्हणून त्यांनी विचारलं.
“झाले पंधरा दिवस,” मालू म्हणाली.
मी दुरुस्ती केली नाही.

११ नोव्हेंबर
व्याख्यान रद्द करतोय हे सांगायला वाचनालयात गेलो. ताठ मानेनं. कारण घरगुती आहे, तयारी कमी पडली म्हणून नव्हे, हेही बजावलं. कमळाकरपंत म्हणाले, कुठलं व्याख्यान?

संध्याकाळ.
मालूच्या उजव्या डोळ्यात थेंब घातले. निम्मं औषध गालावर. डोळा मिटून म्हणाली, “ते काय ओरडत असता, ते म्हणा की जरा. घर फार गप्प झालंय.”
शेजारी बसलो. तोंड उघडलं. एकही शब्द आठवेना.
मग पाढे म्हटले. एकोणतिसाला अडखळलो. पुढचं तिनं सांगितलं.