देवापुढे ठेवलेला नारळ

कडाव, २ जुलै २०२५

ती. इंदूमावशीस श्रद्धाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, तू भलतीच उत्तरं देतेस आणि मग आपलं भांडण लागतं. म्हणून पत्रच बरं. इकडे सगळे मजेत. तू जिला लाडाने कोंडी म्हणतेस ती माझी लेक पहिलीत गेली आणि बाईंना आपलं नाव कोंडीच सांगून आली. हजेरीत वेगळंच नाव, त्यामुळे बराच वेळ घोळ झाला. याला जबाबदार तू.

मोठी बातमी म्हणजे तुझी भाची पुढारी झालीय. लहान मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेल्यांची यादी पोलिसांकडे असते, पण ती तुला-मला बघता येत नाही. आमचं म्हणणं एवढंच की आईबापांना ती बघू द्या. मी आणि लुबना, म्हणजे कोंडीच्या वर्गातल्या सुफियानची आई, सह्या गोळा करत पार कशेळ्यापर्यंत हिंडलो. कर्जतच्या कचेरीतले साहेब म्हणाले की हे दिल्लीचं काम. लुबनाने थंडपणे सांगितलं की मग दिल्लीला पाठवा, तोवर आम्ही इथे बसतो. एकाने विचारलं की चुकून भलत्याचंच नाव लागलं तर त्याने जगायचं कसं. प्रश्न खरा आहे, त्यावर अजून डोकं खाजवतोय. तुझे जावई सहदेव मात्र मला आमदारीणबाई म्हणून हाक मारतात आणि चहा स्वतः करून घेतात, हा फायदाच झाला.

एक काम कर. शाळेच्या गाडीवर नवीन माणूस आलाय, नवशा नावाचा. तुमच्याच गावचा म्हणतो. पोरांना लिमलेटच्या गोळ्या देतो, त्यामुळे सगळ्या आया खूश. तरी आता सगळ्यांचीच चौकशी करायची असं आम्ही ठरवलंय, तर त्याचं काय ते कळव.

माया आहे तशीच राहू दे, नावं ठेवलीस तरी चालेल.

तुझी श्रद्धा

*

पिंपळआळी, ता. खालापूर
५ जुलै

चि. सौ. श्रद्धास इंदूमावशीचे अनेक आशीर्वाद.

सकाळी शेजारच्या फोनवरून मी नुसतीच ओरडले की कोंडीला त्या गाडीत घालू नकोस, आणि फोन ठेवला. कारण सांगत बसले असते तर अख्ख्या आळीने ऐकलं असतं. मला बहिरीला हळू बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र दुधाच्या टेंपोवाल्याच्या हातात देतेय.

आमच्या शेजारच्या अंबाबाईने सांभाळलेली नात, भाग्यश्री. ती तिसरीत असताना या नवशाने तिच्याशी वाईट वर्तन केलं. पोरीने आजीला सांगितलं, आजीने गावकीला. गावकी देवळात बसली. बायकांना बोलावलं नाही. नवशाने देवापुढे नारळ ठेवून पाय धरले, अंबाबाईच्या घरातूनही एक नारळ ठेवायला लावला, आणि तुला ठाऊक आहे आमच्याकडे नारळ ठेवला की तो विषय कुणी काढायचा नाही. त्याला गाव सोडायला सांगितलं. आम्हाला वाटलं, गेली ब्याद. ब्याद कुठे गेली हे कुणी विचारलं नाही, आणि आता ती तुमच्या दारात गोळ्या वाटतेय. राग येतो गं फार.

पोलिसांपर्यंत काही गेलंच नाही, तेव्हा तुमच्या यादीत तो सापडायचा नाही. नारळाचा शब्द मी मोडला, देवाला कोपायचं तर माझ्यावर कोपू दे, म्हातारीचं आता काय बिघडायचंय. पण पोरीचं नाव तुझ्या तोंडून बाहेर पडू देऊ नकोस.

जपून राहा, आणि मावशीवर रागावायचं असेल तर सावकाश रागाव.

तुझी इंदूमावशी

*

कडाव, ९ जुलै

ती. मावशीस सा. न. वि. वि.

कोंडी घरी आहे आणि गोळी बुडाली म्हणून माझ्याशी बोलत नाही. मी तिला गोष्ट सांगता सांगता हळूच विचारून घेतलं. काही झालेलं नाही, मावशी. पण त्याने तिला रोज पुढे, स्वतःच्या शेजारी बसवायला सुरुवात केली होती. हे ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मी आणि लुबना शाळेत गेलो तर मुख्याध्यापकांनी विचारलं की त्याच्यावर केस आहे का. ठाण्यात विचारलं, तर त्याच्या नावावर काहीच नाही. लुबना म्हणाली की आपली यादी उद्या उघडली असती तरी हा त्यात धुतल्या तांदळासारखा निघाला असता. आता लुबना कोंडीला आणि सुफियानला आपल्या स्कूटरवरून सोडते, दोघं सारखी भांडतात. बाकीच्या मुलांना नवशाच नेतो. दोन आया तर मला म्हणाल्या की गरिबाच्या पोटावर पाय देऊ नकोस.

त्या पोरीला मी काही मागत नाही. तो आता कुठे आहे आणि काय करतो, एवढंच अंबाबाईंच्या कानावर घाल.

पोरांसाठी देवाला हात जोड. माझ्यावर माया ठेवतेसच.

श्रद्धा

*

पिंपळआळी, १८ जुलै

चि. सौ. श्रद्धास अनेक आशीर्वाद.

हे पत्र सावकाश वाच, तुझ्या काकांसारखं शेवटाकडे उडी मारू नकोस.

अंबाबाईला सांगितलं. ती म्हणाली की आमी देवाला शब्द दिलाय, आता आमाला बोलता येत नाय. भाग्यश्री, आता कॉलेजात जाते बरं का, तिथेच तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली की नारळ तुम्ही ठेवलात, मला कुणी विचारलं नव्हतं. एवढंच बोलली आणि पुन्हा खडे काढायला लागली.

सोमवारी देवळात गर्दी असताना अंबाबाई नवा नारळ घेऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात तिने गाऱ्हाणं घातलं, की माझा शब्द मला परत दे, मी तो पोरीला न विचारता दिला होता. मला बहिरीला शब्दन् शब्द ऐकू आला. गुरवाला आरती सुचेना. मग तिने नारळ फोडला आणि गावकीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन प्रसाद दिला. नको कोण म्हणणार? सगळ्यांनी खाल्ला, आणि खाली बघत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री आपल्या पायांनी ठाण्यात गेली. आम्ही दोघी म्हाताऱ्या नुसत्या बाकावर बसून होतो. तिने सगळं सांगितलं, बाईपोलिसाने लिहून घेतलं. परवा नवशाला तुमच्याकडून उचलून नेलं, हे तुला माझ्याआधी कळलं असेल.

तू पहिल्या पत्रासोबत पाठवलेला सह्यांचा कागद मी तिला दाखवला होता. तिने विचारलं की यादीत नाव यायला आधी कुणालातरी बोलावं लागतं ना. मी हो म्हटलं. मग तिने सही केली, आणि खाली अंबाबाईने अंगठा दिला. कागद सोबत आहे, दिल्लीला जाऊ दे.

पुडीत त्या नारळाचं खोबरं आहे. भाग्यश्रीने स्वतःच्या वाट्यातलं काढून ठेवलं आणि सांगितलंय की हे कोंडीला द्या, गोळीच्या बदल्यात.

तुझी इंदूमावशी